एकमताने वाचलेली शाळा

"सूर्य पश्चिमेला उगवला तरी आपली शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होणार नाही!" अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या त्या खेड्याच्या गावसभेत ऑर्विल आजोबा गरजले. "ज्यांना मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक धड आटवता येत नाही, ते काय आपली पोरं शिकवणार?"

विलीनीकरणाविरुद्ध एकशे बारा हात वर गेले. त्यातले निम्मे थरथरत होते.

शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका डेल्फिनबाई यांची नोकरी यंदापुरती वाचली. पटावर सहा मुलं होती आणि पुढच्या वर्षी पहिलीत यायला गावात एकही नव्हतं. बाईंनी पिकल्या डोक्यांवरून सावकाश नजर फिरवली.



"आभारी आहे, मंडळी. आता एक बारीकशी विनंती. चाळिशीच्या आतलं एखादं जोडपं आलं असेल, तर त्यांनी सभेनंतरच्या जेवणाला न थांबता लवकर घरी जावं."