क्रेन फिरते आहे

सकाळी आठच्या सुमाराला अदिस अबाबातल्या त्या अर्धवट टॉवरवरची क्रेन फिरली. अंगणात कॉफी पीत बसलेल्या म्हाताऱ्या इतागेनने समाधानाने मान डोलावली. "लागला बघा माझा मुलुगेता कामाला."

"परदेशी लोक फिरत्या क्रेन मोजूनच शहर जोखतात म्हणे. दिसल्या की पैसा ओततात," शेजारचे बेझाबे म्हणाले.

"ओतू देत. पण पोराला रात्रीसुद्धा तिथेच झोपवतात. बायकोला विसरला, क्रेन काही सुटत नाही मेल्याला! झिनाश, नवऱ्याला इंजेरा पोचती कर गं."

"हो आई," म्हणत सुनेने डबा भरायला घेतला.

गुंतवणूकदारांनी हात आखडल्यापासून टॉवरचं काम बंद होतं. बंद क्रेन वादळात उलटू नये म्हणून तिचा ब्रेक मोकळा सोडतात. मग ती वाऱ्यानेच फिरत राहते. शेवटच्या दिवशी तो ब्रेक मुलुगेतानेच सोडला आणि आईला कळू न देता, फक्त झिनाशला सांगून, एका दलालाबरोबर तो दक्षिण आफ्रिकेच्या वाटेला लागला. त्याचा शेवटचा फोन केनियाच्या सीमेवरच्या मोयालेहून आला होता. त्यानंतर त्याच्याबरोबर निघालेल्या कुणाचाच फोन लागलेला नाही.