साडेपाच इंच

आईने टेप लॅपटॉपच्या काचेवर धरला आणि म्हणाली, "चार."

मग तो शेजारच्या नव्या मोठ्या मॉनिटरवर धरला. "साडेसहाच्या थोडं पुढे."

"आकडा बघ ना, आई." लेकीने बोट ठेवून दाखवलं. "दोन्हीकडे साडेपाचच लिहिलंय."

"आकडा अंगात घालत नाहीत."

लॅपटॉपवर होता आईचा जुना मुंढा. शर्टाला बाही जोडतात तिथला गोल. तिने कागदावर कापलेला, लेकीने उतरवून घेतलेला. मॉनिटरवर होता लेकीने आखलेला नवा. दोन्ही पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचे. बाहेर लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरून झाले होते. तीनशे शर्ट एकदम कापायचे होते. चूक झाली तर तीही तीनशे वेळा.

आई चाळीस वर्षं नजरेने कापत आली होती. कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणत. आज सकाळी कुलूप उघडताना ती लेकीला म्हणाली होती, "त्या काचेवर मला मुंढा ओळखता आला नाही, तर उद्यापासून मी काज-बटणावर बसते. रागावून नाही सांगत."

रागावून सांगितलं असतं तर लेकीला सोपं गेलं असतं.

तिने सेटिंग उघडली. लॅपटॉप दीडशे टक्क्यांवर होता, मॉनिटर सव्वाशेवर. दोन्ही काचा आपापल्या अकलेने चित्र लहानमोठं करत होत्या. तिने मॉनिटर शंभरवर आणला. नवा मुंढा आक्रसला. लॅपटॉप दोनशेवर नेला. जुना फुगला.

आईने पुन्हा टेप धरला. इकडे. तिकडे. चष्मा वर करून परत इकडे.

"सव्वापाचच्या जरा पुढे. दोन्हीकडे."

"म्हणजे अजून चुकतंय."

"चुकतंय, पण निदान दोघं एकच खोटं बोलतायत. आता वठणीवर येतील."

लेक हसली. दोन्हीकडचं चित्र तिने तीन टक्क्यांनी वाढवलं. टेप साडेपाचवर टेकला.

कटिंगवाले काका दारात आले. "मास्तर, कापड अंथरून तास झाला. मशीन लावू का?"

"भाऊ, दोन मिनिटं दम धरा."

आई दोन पावलं मागे सरकली. डावा डोळा मिटला. कापडासमोर उभी राहायची तशीच, मान किंचित कलती. लेकीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"तुझा खालच्या बाजूला उथळ आहे," आई म्हणाली. "पोरानं हात हलवला की शर्ट काखेत काचेल."

"किती उथळ?"

"किती काय? दाखवते."

तिने खिशातून कापडावर खुणा करायचा साबणाचा झिजलेला तुकडा काढला आणि मॉनिटरच्या काचेवर टेकवला.

"आई, नवा आहे तो!" लेक अर्धी उठली, आणि तशीच राहिली. साबण न थांबता वळत गेला. काचेवर पांढरी, गोल रेघ उमटली. जुन्या मुंढ्यासारखीच, तळाशी सूतभर जास्त खोल.

"हल्लीची पोरं जरा अंगानं भरलेली असतात," आई म्हणाली.

लेक खाली बसली. माउस धरून तिने आपली रेघ ओढत ओढत साबणाखाली नेली. वळणावर ती एकदा बाहेर गेली, तेव्हा आईने नुसतं "अंहं" केलं.

"आता लावा मशीन," आईने काकांना सांगितलं आणि टेप गळ्यात अडकवला. "आणि त्या बटणांच्या डब्याला झाकण घाला. सकाळपासून उघडा पडलाय."

लेकीने फडकं घेऊन काच पुसली. साबणाची रेघ गेली. खाली तीच रेघ होती.