बुधवारचा माणूस

“जमीन माझी, गवत माझं. तुम्ही कोण मला विचारणार?” ड्वाइट प्रुइट एवढंच बोलला आणि धापा टाकत खाली बसला.

ओहायोतल्या त्या लहानशा गावाच्या पालिकेत सुनावणी चालली होती. अंगणातलं गवत वीतभराच्या वर वाढू द्यायचं नाही, हा गावाचा नियम. ड्वाइटच्या दारात ते गुडघ्याला लागलं होतं. निकाल विरुद्ध गेला की रोजचा दंड सुरू होणार आणि दंडाची रक्कम थकली की घरावर टाच येणार. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्याचं घर गेल्यातच जमा होतं. तक्रार केली होती शेजारच्या व्हर्नाने, आणि तिला त्याची काडीचीही कीव येत नव्हती.

ती तरातरा उठली.

“साहेब, माझं लॉन बघा आणि याचं बघा! माझा रँडी तिकडे फिनिक्सला असतो. पण आईचं अंगण कापायला दर बुधवारी माणूस पाठवतो, एक खाडा नाही. मी चर्चमध्ये गोधड्या शिवून घरी येते, तोवर सगळं कसं चकाचक! आणि हा बाबा? भर दुपारी ओसरीवर घाम पुसत बिअर ढोसत बसलेला. घरात गवत कापायचं मशीन आहे, हातपाय आहेत. नुसता आळस, दुसरं काय!”

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. ड्वाइट मांडीवरची नारिंगी टोपी चाचपत राहिला. मेल्याला बोलायला तोंडच नाही, व्हर्नाला वाटलं. तिला मनातून बरं वाटलं.

पालिकेच्या निरीक्षकाने पुरावा म्हणून फोटो पडद्यावर लावला. “गेल्या बुधवारी सकाळी काढलाय,” तो म्हणाला.

पुढे ड्वाइटचं माजलेलं गवत. त्याच्या मागे व्हर्नाचं अर्धं कापलेलं लॉन. आणि त्या लॉनवर, एक हात मशीनच्या दांड्यावर आणि दुसरा छातीशी धरून, पार वाकलेला एक माणूस. डोक्यावर नारिंगी टोपी.

व्हर्नाने पडद्याकडे पाहिलं. मग ड्वाइटच्या मांडीकडे पाहिलं. तिने समोरची खुर्ची घट्ट धरली.

“ड्वाइट... हा तू आहेस? मग रँडीचा माणूस कुठे आहे?”

“तो गेल्या वर्षीच यायचा बंद झाला, व्हर्ना. रँडीने त्याला नको म्हणून सांगितलं.” ड्वाइट तिच्याकडे न बघता बोलत होता. “तू चारचौघांत पोराचं एवढं कौतुक करायचीस. मला काही सांगवेना.”

तो थांबला. श्वास पुरेना, तसा त्याने हातानेच सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं.

“आणि आता छातीत दम एकाच लॉनपुरता उरलाय.”