आत्याचा शब्द

परदेशी शिकायला जायचं म्हणून मी टोफेलची तयारी करत होते. समाजशास्त्राचे इंग्रजी शब्द काही केल्या डोक्यात राहत नव्हते. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, प्रत्येक शब्दाला ओळखीचं एक माणूस जोडा. मग मी कार्डं केली. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठीत नाव. 'स्थलांतर'च्या मागे मुंबईचा दादा, 'पितृसत्ता'च्या मागे आबा. 'शोषण'च्या मागे काशीआत्या. नवरा गेल्यापासून तीस वर्षं ती आमच्याच घरी राबते आहे.

काजूगर सोलता सोलता एकदा तिला ते कार्ड दिसलं.

"हेच्यार माझा नाव कित्याक गो? ह्या शब्दाचो अर्थ काय?"

"आधार," मी पटकन म्हटलं.

चिकाने काळे पडलेले हात तिने पदराला पुसले आणि कार्ड देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

परीक्षा देऊन कुडाळ स्टेशनवर उतरले, तर न्यायला आत्याच आलेली.

"पेपरात माझो शब्द इल्लो काय गो?"



मी 'हो' म्हणेपर्यंत माझी बॅग तिच्या डोक्यावर होती.