समोरचा कोनाडा

पाहुण्यांना पूर्वेच्या कोनाड्यातल्या दगडी बाकावरच बसवायचं, हे गाईडबाईंनी आदल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. त्याप्रमाणे धाकट्या लेकीला बघायला आलेल्या मुलाचे आईवडील तिथं बसले, आणि बाईंना हायसं वाटलं.

जुन्या धान्यबाजाराचा हा घुमट शहरातल्या निम्म्या लोकांना माहीतही नाही. बड्या संग्रहालयापुढं रांगा लागतात. इकडं फिरकतं कोण? आतल्या छोट्याशा संग्रहालयात जुने तराजू, वजनंमापं आणि गाईडबाई. चुकून कुणी आलंच, तर बाई त्याला घुमटाची करामत दाखवायच्या. एका कोनाड्यात भिंतीशी कुजबुजावं, तर आवाज गोल छतावरून थेट समोरच्या कोनाड्यात उतरतो. मधे उभ्या असलेल्याला पत्ताही लागत नाही. एके काळी दलाल एकमेकांचे भाव इथंच चोरून ऐकायचे.

बाईंना आज माणसं ऐकायची होती. थोरल्या लेकीच्या लग्नाच्या वेळी त्या साफ फसल्या होत्या. तिच्या सासरची मंडळी बैठकीत इतकी गोड बोलली, की बाई विरघळल्याच. लग्नानंतर त्याच लोकांनी आधी तिची नोकरी सोडवली, मग माहेरी फोन करणंही बंद केलं. वर्षभरात पोर परत आली ती अर्धी होऊन. धाकटीचं पुन्हा तसं झालं असतं, तर बाईंनी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

म्हणून मावशीनं सुचवलेलं हे स्थळ त्यांनी घरी न बोलावता, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रिकाम्या घुमटाखाली बोलावलं. घर लहान आहे, असं कारण सांगितलं. मुलाच्या आईनं आढेवेढे न घेता हो म्हटलं. करामतीबद्दल पाहुण्यांपुढं अवाक्षर काढायचं नाही, अशी धाकटीला सक्त ताकीद होती.

मुलगा आणि धाकटी वरच्या सज्जात तराजू बघायला गेली. चहाचं बघून येते म्हणत बाई उठल्या, खांबांमागून वळसा घालून समोरच्या कोनाड्यात शिरल्या आणि त्यांनी भिंतीला कान लावला. या वयात हे चोरटे धंदे!

"बाई बोलतात फार, नाही?" मुलाचे वडील म्हणत होते.

"बोलू द्या हो. पोर गुणाची आहे," मुलाची आई म्हणाली. "जरा फटकळ वाटते, पण मनात काही ठेवणारी नाही. आणि एक सांगून ठेवते, तिच्या नोकरीला आपण हात लावायचा नाही."

"मग स्वयंपाक?"

"तुम्हाला हात नाहीत का?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्याला बडबडी म्हटल्याचा राग आला होता खरा, पण त्यामुळंच तर त्यांची खात्री पटली. तोंडदेखलं बोलणारं माणूस असं कशाला बोलेल?

दोन दिवस विचार करून कळवू, असं म्हणायचं घरी ठरलं होतं. ते राहिलं बाजूला. किटली हातात घेऊनच बाईंनी धाकटीकडं पाहिलं, ती लाजून हसली, आणि चहा ओतायच्या आधीच बाईंनी होकार देऊन टाकला. चहा संपेपर्यंत लग्नाची तारीखही ठरली. मुलाच्या आईनं "विहीणबाई" म्हणत त्यांना घट्ट मिठी मारली.

मंडळी गाडीकडं निघाली. मुलगा कप गोळा करायला मागं राहिला. बाई नको नको म्हणत होत्या, पण तो ऐकेना. फार वर्षांनी बाईंना कुणाचा तरी मनापासून अभिमान वाटला.

शेवटचा कप उचलून त्यानं मान वर केली आणि घुमटाकडं पाहिलं.

"आईला आज किती बरं वाटलं असेल," तो म्हणाला. "तिचे वडील इथंच दलाल होते ना. हे संग्रहालय व्हायच्या आधी सुट्टीत ती मला इथं आणायची. मी या बाकावर बसायचो, आणि ती त्या समोरच्या कोनाड्यातून कुजबुजत गोष्टी सांगायची."