दोन तासांची नोकरी
मुंबईच्या इस्पितळात तीन वर्षं शिकून, बत्तीस साली नर्सची परीक्षा पास होऊन कोकिळा अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. पहिल्याच दिवशी, कामावर येऊन दोन तास होतात न होतात तोच, डॉक्टरांनी तिच्यासमोर एका म्हाताऱ्याच्या पायाचं गळू फोडलं. बोटांवरचा पू त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला आणि तसेच ते बाळंतिणीच्या खोलीकडे निघाले. आत मिठागरावरची पहिलटकरीण येसू कळा सोसत होती.

कोकिळा दारात आडवी उभी राहिली. "डॉक्टरसाहेब, आधी हात धुवा."

"वीस वर्षं याच हातांनी बाळंतपणं करतोय मी!"

"त्यातल्या किती जणी मागाहून तापाने गेल्या?"

"ज्या गेल्या त्या त्यांच्या नशिबाने गेल्या," डॉक्टर म्हणाले आणि करंगळीच्या नखातली घाण काडीने कोरू लागले. "तुझी नोकरी संपली. चालती हो."

त्या पुवाची आली नव्हती एवढी किळस कोकिळेला त्या शब्दांची आली. पण आतल्या बाईला या माणसाच्या हाती सोडून जायला तिचं पाऊल उचलेना.

तेवढ्यात येसूच भिंत धरधरून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाय, माजी थोरली भैन याच खाटंवर तापानं मेली," ती धापा टाकत म्हणाली. "माजं घर जवलच हाय. चल, तूच माजी सुटका कर."