पुढचा नंबर

खोटं वाटेल, पण आमच्या बंदरात जहाज फुटून समुद्रभर तेल पसरलं, तेव्हा काळेठिक्कर समुद्रपक्षी न्हाव्याच्या दुकानासमोर माणसांपेक्षा शिस्तीत रांग लावून बसले. न्हावी एकेकाला कोमट पाण्यात साबणाने चोळून धुवायचा. बायको टॉवेलात गुंडाळायची. शेवटची एक पक्षीण उरली होती, तेवढ्यात त्याच जहाजाचा कप्तान येऊन खुर्चीत बसला. “आधी माझी दाढी. चौकशीला जायचंय, चेहरा जरा सज्जन दिसू दे.” “रांग आहे, साहेब,” बायको म्हणाली. “अगं, दाढीला कितीसा वेळ लागतो?” म्हणत न्हाव्याने वस्तरा उचलला. दाढी गुळगुळीत झाली. कप्तानाने आरशात गाल कुरवाळले. न्हाव्याने नवं पाणी ओतून हाक मारली, “चला, पुढचा नंबर.” पक्षीण हलली नाही. “झोपली वाटतं,” कप्तान हसला. बायकोने तिचे पंख मिटले. “तुमच्या गालाला साबण लागेपर्यंत जागी होती, साहेब.”